इटालियन ए-वन: इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून शिका

इटलीत मास्टर्सला येणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींचा कोर्स इंग्रजीत असतो. लेक्चर इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, प्रबंधही इंग्रजीत. त्यामुळे इटालियन शिकण्याची सक्ती अशी कुणी करत नाही. विद्यापीठाचं भाषा केंद्र मात्र परदेशी विद्यार्थ्यांसाठी ए-वनचा, म्हणजे पहिल्या पायरीचा वर्ग चालवतं. बऱ्याच ठिकाणी तो फुकट किंवा अगदी कमी फीत असतो. पहिल्या सेमिस्टरच्या धावपळीत 'पुढच्या वेळी बघू' म्हणून पुष्कळ जण तो सोडून देतात. मी तोरीनोत, म्हणजे आपण ज्याला तुरीन म्हणतो त्या शहरात, हा वर्ग केला. पहिल्याच सेमिस्टरला लावा, असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आग्रहाने सांगते.

कारण साधं आहे. विद्यापीठाच्या दारातून बाहेर पडलं की इंग्रजी संपते. देशात आल्यापासून कामाच्या ८ दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो'साठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करायचा असतो. त्याचा लिफाफा पोस्टातून घ्यायचा, फॉर्म इटालियनमध्ये भरायचा, त्यावर १६ युरोचं 'मार्का दा बोल्लो', म्हणजे सरकारी शुल्काचं तिकीट, लावायचं आणि पुढे 'क्वेस्तूरा'त, म्हणजे पोलिसांच्या कार्यालयात, बोटांचे ठसे द्यायला जायचं. घरमालक, दवाखाना, सिमकार्डाचं दुकान, गॅस कंपनीचा फोन, सगळीकडे हीच भाषा. मित्र मदत करतात, पण प्रत्येक वेळी कुणाला तरी सोबत न्यावं लागणं ही चांगली स्थिती नव्हे. शिवाय पदवीनंतर इंटर्नशिप शोधायला लागलात की कळतं, मोठ्या कंपन्या सोडल्या तर बाकी ठिकाणचं कामकाज इटालियनमध्येच चालतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आपण ही भाषा इंग्रजीतून शिकायला जातो आणि तिथेच ती अवघड करून घेतो. पुस्तकात व्याकरणाचा खुलासा इंग्रजीत, ॲप इंग्रजीतलं, वहीत डावीकडे इटालियन आणि उजवीकडे इंग्रजी. इटालियनचे बरेचसे नियम इंग्रजीवाल्याला चमत्कारिक वाटतात म्हणून पुस्तकं ते लांबलचक समजावत बसतात. मराठी माणूस तेच नियम रोज घरी वापरत असतो. उजवीकडच्या रकान्यात मराठी लिहायला लागा आणि फरक बघा.

उच्चारांपासून सुरुवात करते. इटालियन 'टी' आणि 'डी' हे आपले त आणि द. इंग्रजीच्या सवयीने आपण 'टोरीनो', 'टू' म्हणतो, ते पहिल्याच दिवशी सोडायचं. तोरीनो, 'तू' (आणि हा 'तू' म्हणजे आपलाच तू). इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीच्या प, त, क मध्ये हवा मिसळते, ती काढून टाकायला त्यांना मेहनत पडते. आपल्याकडे प वेगळा आणि फ वेगळा, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही.

पुढचं तर फक्त मराठी माणसालाच एवढं सोपं जावं. आपल्याकडे च दोन प्रकारचे आहेत, 'चिंच'मधला आणि 'चाक'मधला. ज सुद्धा दोन, 'जीव'मधला आणि 'जागा'मधला. इटालियन 'ग्रात्सिये'मधला झेड म्हणजे आपल्या 'चाक'मधला च, आणि 'झेरो'मधला झेड म्हणजे 'जागा'मधला ज. वर्गातल्या बाकीच्यांना हे दोन उच्चार ऐकूनही वेगळे करता येत नाहीत. आणि आपला 'चमचा' अनेकवचनात 'चमचे' झाला की पुढच्या स्वरामुळे च बदलतो ना? इटालियनमध्येही 'ई' आणि 'आय'पुढे व्यंजन असंच बदलतं. 'आमीको' म्हणजे मित्र, अनेक मित्र झाले की 'आमीची'. 'सी' अक्षर तेच, उच्चार क चा च झाला. मधे 'एच' आला की क परत येतो, म्हणून 'की' म्हणजे कोण आणि 'के' म्हणजे काय. एवढा एक नियम पाठ झाला की पाटी, तिकीट, मेनूकार्ड यांवरचं बहुतेक सगळं मोठ्याने वाचता येतं. भाषा लिहिली तशीच बोलतात, इंग्रजीसारखं स्पेलिंग पाठ करावं लागत नाही.

जोडाक्षरांकडे मात्र पूर्ण लक्ष द्या. 'काझा' म्हणजे घर, 'कास्सा' म्हणजे दुकानातला गल्ला. 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. आपल्याला दिल्ली आणि दिली यांतला फरक लहानपणापासून ऐकू येतो, तोच कान इथे लावायचा. वय सांगताना तर फारच जपून: वर्षं म्हणजे 'आन्नी', त्यातला एक न गाळला तर अर्थ चारचौघांत न सांगण्यासारखा होतो. शिक्षिका पहिल्याच आठवड्यात हे सांगून टाकतात.

आता व्याकरण. 'मी प्याचे इल काफे' हे वाक्य ए-वनच्या पुस्तकात येतं तेव्हा इंग्रजीतून शिकणाऱ्यांची गाडी अडते. कारण 'आय लाइक कॉफी'त 'आय' कर्ता आहे आणि इथे कॉफी कर्ता आहे. पुस्तक मग उलटसुलट खुलासे करतं. आपण काय म्हणतो? मला कॉफी आवडते. 'मी' म्हणजे मला, 'प्याचे' म्हणजे आवडते, संपलं. अनेकवचन झालं की 'मी प्याच्चोनो इ लीब्री', मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदललं, आपल्यासारखंच. भूतकाळातही तेच: चित्रपट पुल्लिंगी म्हणून 'मी ए प्याचूतो', शहर इटालियनमध्ये स्त्रीलिंगी म्हणून 'मी ए प्याचूता'. आवडला, आवडली. 'मी सेर्वे' म्हणजे मला लागतं, 'मी सेम्ब्रा' म्हणजे मला वाटतं. सगळी रचना मला-तुला-त्याला अशी चालते.

भूतकाळ हा ए-वनचा सगळ्यात मोठा धडा, बहुतेक ठिकाणी शेवटच्या महिन्यात येतो. 'गेलो' म्हणायला मुलगा 'सोनो आन्दातो' म्हणतो आणि मुलगी 'सोनो आन्दाता'. मी गेलो, मी गेले. आमच्या वर्गात तुर्की आणि इराणी मुलं होती, त्यांच्या भाषांत हे लिंगच नाही, त्यांना प्रत्येक वाक्याला थांबून विचार करावा लागायचा. त्याहून पुढची पायरी म्हणजे 'पिझ्झा कुठाय?' या प्रश्नाचं उत्तर: 'लो मान्जाता', ती मी खाल्ली (पिझ्झा इटालियनमध्ये स्त्रीलिंगी). खाणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापदाचं रूप खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. ते मी घेतले, त्या मी घेतल्या, यांनाही अशीच वेगवेगळी रूपं. फरक एवढाच की मराठीत हे सहसा होतं, इटालियनमध्ये वस्तूऐवजी सर्वनाम आधी आलं तरच होतं. 'मी पिझ्झा खाल्ला' असं सरळ वाक्य असेल तर क्रियापद पुल्लिंगीच राहतं. हा एक अपवाद लक्षात ठेवला की जो धडा इतरांना दोन-तीन तास पुरतो तो तुम्हाला एका बैठकीत समजतो.

आणखी एक. 'मी दोन महिन्यांपासून तोरीनोत राहते' हे मराठीत वर्तमानकाळात आहे, इटालियनमध्येही वर्तमानकाळात: 'आबितो आ तोरीनो दा दूए मेझी'. इंग्रजीतून गेलात तर तिथे वेगळाच काळ लावण्याचा मोह होतो आणि वाक्य चुकतं. कर्ता गाळणंही तसंच. आपण 'येतोस का?' म्हणतो, 'तू' म्हणायची गरज पडत नाही, कारण क्रियापदातच तो आहे. इटालियनमध्येही 'व्येनी?' एवढंच. वाक्यागणिक 'इओ, इओ', म्हणजे मी, मी, म्हणणारा परदेशी लगेच ओळखू येतो.

हे नातं काही मी शोधून काढलेलं नाही. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८० च्या दशकात कोची आणि गोव्याला येऊन राहिला होता, १५८८ मध्ये गोव्यातच वारला. त्याने घरी पाठवलेल्या पत्रांत लिहून ठेवलंय की इथल्या पंडितांच्या भाषेतले, म्हणजे संस्कृतातले, कितीतरी शब्द आपल्या भाषेसारखे आहेत: देव आणि 'दीओ', सर्प आणि 'सेर्पे', आणि सहा, सात, आठ, नऊ हे आकडे. 'सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे' म्हणून बघा. युरोपातल्या विद्वानांनी या भाषाकुळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधीची ही नोंद. मला ती फार मोलाची वाटते, कारण ती आपल्याच किनाऱ्यावर झाली.

आता जिथे मराठी उपयोगाला येत नाही, किंवा उलट आडवी येते, त्या जागा.

पहिली, शेवटचा स्वर. आपल्याला 'आ'कारान्त म्हणजे पुल्लिंगी अशी सवय: घोडा, आंबा, चांगला. इटालियनमध्ये 'आ' बहुधा स्त्रीलिंगी आणि 'ओ' पुल्लिंगी. 'बेल्ला' (सुंदर) ऐकलं की आपल्या कानाला पुरुष दिसतो, आणि दमलेली मुलगी सहज 'सोनो स्तांको' म्हणून जाते, जे मुलाने म्हणायचं असतं. 'स्तांका' म्हणायला हवं. यावर उपाय सरावाचाच. प्रत्येक नाम विशेषण लावूनच पाठ करा, नुसतं नको. इंजिनिअरिंगवाल्यांना अजून एक सूचना: 'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा', 'प्रोग्राम्मा', 'दियाग्राम्मा' हे ग्रीकमधून आलेले शब्द 'आ'ने संपूनही पुल्लिंगी आहेत. आपल्या विषयात तेच दिवसभर लागतात.

दुसरी, आर्टिकल. मराठीत हा प्रकारच नाही आणि इटालियनमध्ये तो इंग्रजीसारखा एका 'द'वर भागत नाही. 'इल, लो, ला, इ, ल्यी, ले', शिवाय स्वरापुढे नुसता 'ल'. कुठे 'इल' आणि कुठे 'लो' हे पुढच्या आवाजावर ठरतं: 'इल लीब्रो', पण 'लो स्तुदेन्ते', 'लो त्सूक्केरो'. स आणि त्यापुढे व्यंजन, किंवा झेड, असं आलं की 'लो'. तक्ता पाठ करून हे येत नाही, जिभेवर बसावं लागतं. मी बसमध्ये दिसेल त्या वस्तूचं नाव आर्टिकल लावून मनात म्हणत जायचे, आणि मला वाटतं याहून चांगला मार्ग नाही.

तिसरी, शब्दयोगी. आपले प्रत्यय नामाला मागून चिकटतात, यांचे पुढून येतात आणि आर्टिकलला चिकटतात: 'नेल' (-त), 'सुल' (-वर), 'दाल' (-हून). एकटा 'दा' पुण्याहून, डॉक्टरकडे आणि दोन महिन्यांपासून ही तिन्ही कामं करतो. शहराला 'आ', देशाला 'इन': 'आ मुंबई', 'इन इंडिया'. इथे तर्क लावत बसू नका, वाक्यंच्या वाक्यं पाठ करा.

चौथी, आघात. मराठी बोलताना आपण एखाद्या अक्षरावर फारसा जोर देत नाही. इटालियनमध्ये तो बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, पण 'तेलेफोनो'त तो 'ले'वर, 'आबितानो'त पहिल्याच अक्षरावर. जागा बदलली तर समोरच्याला शब्दच कळत नाही, तुम्ही अक्षरं कितीही बरोबर म्हटलीत तरी. नवीन शब्द लिहिताना आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा.

वर्ग प्रत्यक्षात कसा असतो तेही थोडक्यात सांगते. आधी एक छोटी पातळी-चाचणी होते, काहीच येत नसेल तर कोरी देऊन टाका. मग आठवड्यातून एक-दोनदा तास. शिक्षिका पहिल्या मिनिटापासून इटालियनच बोलतात, हातवाऱ्यांनी समजावतात, आणि ते समजतंही. वर्गात स्पॅनिश बोलणारे असले तर ते महिनाभरात भराभर पुढे जातात, त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका. उलट जोडीने बोलण्याच्या सरावात त्यांच्यापैकी कुणाला तरी धरा, ऐकायला खूप मिळतं. हजेरीची अट असते, ती लॅबच्या वेळापत्रकाशी जुळते का हे नाव नोंदवण्याआधीच पाहा. क्रेडिट मिळतात की नुसता 'इदोनेओ', म्हणजे उत्तीर्ण, असा शेरा मिळतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

शब्द किती लागतात हा प्रश्न सगळे विचारतात. तुल्लियो दे मावरो या भाषाशास्त्रज्ञाने रोजच्या वापरातल्या साधारण ७,००० शब्दांची यादी केली होती. त्यातले सुमारे २,००० मूलभूत शब्द कुठल्याही मजकुराचा जवळपास ८६ टक्के भाग व्यापतात. ती यादी इटालियन नेटवर सहज सापडते. ए-वनच्या काळात सगळे २,००० होत नाहीत, पण वेळ घालवायचा तो याच शब्दांवर. ॲपमधले पेंग्विन आणि कासवं नंतर बघता येतील.

याच दे मावरोंनी मांडलेला आणखी एक आकडा मला धीर देऊन गेला. १८६१ मध्ये इटली एक देश झाला तेव्हा त्यांच्या अंदाजाने जेमतेम अडीच टक्के लोकांना इटालियन येत होतं, बाकी सगळे आपापली बोली बोलत. १९६० च्या दशकात आल्बेर्तो मान्झी हे शिक्षक सरकारी टीव्हीवरून मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत. म्हणजे तुमच्या शेजारच्या आजीबाईंनीही ही भाषा कदाचित घराबाहेरच शिकली असेल. म्हणूनच की काय, शिकणाऱ्या माणसाशी इथली वडीलधारी मंडळी फार आपुलकीने बोलतात. मोडकंतोडकं बोललात तरी पुरं ऐकून घेतात, आणि बरोबर रूप हळूच सांगतात.

सरावासाठी मला सगळ्यात उपयोगी पडला तो पोर्ता पालात्सोचा बाजार. युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी हा एक, आणि कोथिंबीर-मिरचीसाठी आपल्याला तिथे जावंच लागतं. गाळ्यासमोर रांग दिसत नाही, नुसता घोळका असतो. तिथे पोचल्यावर 'की ए लूल्तिमो?' असं मोठ्याने विचारायचं, म्हणजे शेवटचं कोण. कुणीतरी हात वर करतं, त्यांच्यानंतर तुमचा नंबर. कुणी मधे घुसलं तर 'तोक्का आ मे', माझा नंबर आहे. मग 'मेद्झो कीलो दि चिपोल्ले', अर्धा किलो कांदे. विक्रेता पिशवीत भरता भरता 'आल्त्रो?' म्हणतो, आणखी काही? छोले हवे असतील तर 'चेची' मागा, हिरवी तिखट मिरची हवी असेल तर 'पेपेरोन्चीनी'. 'पेपेरोनी' म्हटलंत तर ढोबळी मिरची मिळेल. चीज 'एत्तो'वर मिळतं, एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. झालं की 'बास्ता कोझी', बस, एवढंच. हे सगळं ए-वनच्या पहिल्या चार-पाच धड्यांतलं आहे, पण वर्गात तेच बोलताना आवाज खाली जातो आणि बाजारात खणखणीत लावावा लागतो, कारण शेजारचा गाळेवाला ओरडत असतो. दर शनिवारी एका ठरावीक गाळ्यावर जा. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो माणूस तुमची चौकशी करायला लागतो आणि तिथून खरं संभाषण सुरू होतं.

आदरार्थी बोलणं पहिल्यापासूनच अंगवळणी पाडा. 'तू' आणि 'लेई' हा भेद आपल्या तू आणि आपणसारखा आहे, फक्त आपण आदराला अनेकवचन लावतो आणि इटालियन माणूस तृतीयपुरुषी एकवचन लावतो. प्राध्यापक, दुकानदार, कार्यालयातला माणूस, वयस्क शेजारी, सगळ्यांना 'लेई'. 'चाओ' हा शब्द मित्रांपुरता ठेवा, बाकी ठिकाणी 'बुओनजोर्नो' किंवा 'साल्वे'. दुकानात शिरताना आणि निघताना काहीच न बोलणं इथे उद्धटपणा समजतात. आणि कुणाच्या घरी गेलात तर उंबरठ्यावर 'पेर्मेस्सो' म्हणायचं, येऊ का या अर्थी.

परीक्षेचं. लेखी भागात ऐकणं, वाचणं, गाळलेल्या जागा आणि एक छोटं पत्र किंवा ईमेल असतं. आपल्या मुलांना लेखी जड जात नाही, आपण पेपर लिहायला सरावलेलो असतो. धास्ती तोंडीची. पण तोंडीचे विषय ठरलेले असतात: स्वतःबद्दल, कुटुंबाबद्दल, काल काय केलं, मग एखादा प्रसंग. मला स्टेशनवरचा प्रसंग आला होता. मी प्रवासी, परीक्षक तिकीट खिडकीवर. 'जेनोवाचं एक तिकीट' म्हटल्यावर त्यांनी विचारलं, 'सोलो आन्दाता?', नुसतं जाण्याचं का? मी 'आन्दाता ए रितोर्नो', म्हणजे जाण्या-येण्याचं, म्हटलं, गाडी कुठल्या फलाटावरून सुटते ते विचारलं, आणि उत्तर नीट ऐकू आलं नाही तेव्हा 'नोन ओ कापीतो, पुओ रिपेतेरे?' म्हटलं, समजलं नाही, पुन्हा सांगाल का? न समजल्यावर योग्य शब्दांत पुन्हा विचारणं हा ए-वनला अपेक्षित कौशल्यच आहे, त्याचे गुण कापत नाहीत. गप्प बसण्याचे कापतात. 'नोन ओ कापीतो' हे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणता यायला हवं. कुटुंबाबद्दल बोलताना एक लक्षात ठेवा: 'मिया माद्रे' (माझी आई), 'मियो फ्रातेल्लो' (माझा भाऊ) यांना आर्टिकल नाही, पण अनेकवचन झालं की येतं, 'इ म्येई जेनितोरी' (माझे आईवडील). हा प्रश्न हमखास विचारतात. आणि परीक्षेच्या तारखेला, म्हणजे 'आप्पेल्लो'ला, ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. ती मुदत परीक्षेच्या काही दिवस आधीच संपते, वर्गात बसलात म्हणून नाव आपोआप लागत नाही.

प्रमाणपत्राबद्दल आधीच माहीत असलेलं बरं. विद्यापीठाच्या वर्गाचं प्रमाणपत्र विद्यापीठात आणि बायोडेटात चालतं. पुढे कधी दीर्घ मुदतीच्या युरोपीय परवान्याचा विचार केलात तर ए-टू, म्हणजे दुसऱ्या पायरीची पातळी लागते, आणि २०१८ च्या शेवटापासून नागरिकत्वाच्या अर्जाला बी-वन, म्हणजे तिसरी पायरी लागते. नागरिकत्वासाठी सहसा मान्यताप्राप्त संस्थांच्याच परीक्षा द्याव्या लागतात: पेरुजाच्या परदेशियांसाठीच्या विद्यापीठाची 'चेली', सिएनाची 'चिल्स', दान्ते आलिग्येरी संस्थेची 'प्लीदा' किंवा रोमा त्रे विद्यापीठाची. पहिल्याच वर्षी यांवर पैसे खर्च करू नका, बी-वनपर्यंत पोचलात की एकच परीक्षा द्या.

निघायच्या आधी वेळ असेल तर मुंबईतल्या इटालियन सांस्कृतिक केंद्रात चौकशी करा. दिल्ली विद्यापीठातही इटालियन शिकवतात. तेही जमलं नाही तरी हरकत नाही, फक्त आकडे, 'एस्सेरे' (असणे) आणि 'आवेरे' (जवळ असणे) या दोन क्रियापदांची रूपं आणि च-क चा नियम एवढं येताना पाठ करून या. आणि ए-वन संपलं की ए-टूला त्याच आठवड्यात नाव घाला. मधे एक सेमिस्टर गेलं की आर्टिकल आधी जातात, मग भूतकाळ, आणि भाषा केंद्र पुन्हा चाचणी घेऊन तुम्हाला मागच्या बाकावर बसवतं. ए-टूच्या जागा ए-वनपेक्षा कमी असतात आणि यादी लवकर भरते, त्यामुळे नोंदणी कधी उघडते ते तुमच्या शिक्षिकेलाच शेवटच्या तासाला विचारून ठेवा, इटालियनमध्ये.